उद्घाटनाच्या दिवशीचे पोहे

नवीन हॉटेलांची स्वयंपाकघरं उभी करून देणं हे माझं काम. भट्टी कुठे, मोरी कुठे, माल कुठून आणि किती, कारागीर किती, कुठल्या पदार्थात काय प्रमाण, हे बसवून द्यायचं, सुरुवातीचे दिवस पाठीशी उभं राहायचं आणि निघायचं. राहतो पुण्यात, पण वाढलो इंदूरला, रामबागेत. त्यामुळे ‘जुनं इंदूर’ खाऊ घालणारं हॉटेल काढतोय असा तिकडून फोन आला, तेव्हा पैशांचं बोलणं नंतर केलं, हो आधी म्हटलं.

मालक इंदूरचाच मराठी मुलगा. बरीच वर्षं बाहेर नोकरी करून परतलेला, गावावर खरं प्रेम असलेला. भिंतींवर १९८४च्या आगीच्या आधीचा राजवाडा, सी. के. नायडू, रणजी करंडक चार वेळा जिंकणारा होळकरांचा संघ. मला ते फोटो फार आवडले. पण त्या भिंतींवर सढळ हाताने खर्च करणारा माणूस धुराड्याच्या पंख्यासाठी महिनाभर घासाघीस करत होता. मिरचीची फोडणी बसली की पहिल्या टेबलावरची माणसं ठसकणार, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. सजावटवाल्यांच्या लेखी स्वयंपाकघर म्हणजे बाकीचं सगळं आखून झाल्यावर उरलेली जागा. हे मी प्रत्येक गावात बघतो आणि प्रत्येक वेळी चिडतो.

पदार्थ ठरायला वेळ लागला नाही. सकाळी पोहे-जिलबी, उसळ-पोहे, साबुदाण्याची खिचडी. दुपारी दाल-बाफले, म्हणजे वरणासोबत कणकेचे उकडून भाजलेले गोळे. संध्याकाळी भुट्ट्याचा कीस, आणि थंडीचे दिवस म्हणून गराडू, म्हणजे थंडीत येणाऱ्या कंदाच्या तळलेल्या फोडी, वर लिंबू आणि जिरावण हा तिकडचा चटपटीत मसाला मारलेल्या. खरा जीव अडकला होता पोह्यांत.

इंदुरी पोहे परतत नाहीत, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. जाड पोहे धुवून निथळत ठेवायचे, निथळतानाच मीठ, साखर, हळद लावायची. तेल बेताचं, मोहरी आणि बडीशेपेची फोडणी वरून ओतून हलक्या हाताने कालवायचं. मग खाली पाण्याचं पातेलं खदखदतंय आणि त्याच्या तोंडावर पोह्यांचं भांडं. पुढचं सगळं वाफेचं काम. विस्तव पोह्यांना लागतच नाही, म्हणून ते दोन तास ठेवले तरी खाली धरत नाहीत की वरून सुकत नाहीत. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राखा, असं अन्नसुरक्षेचा नियम सांगतो. इंदूरचा ठेलेवाला ते थर्मामीटर न लावता करत आलाय. कांदा, शेव, कोथिंबीर, जिरावण देताना वरून. मालकाने आणलेला विजेचा कोरडा गरम काउंटर मी परत पाठवला. त्या वादात मी हटलो नाही, आणि त्याचं मला समाधान आहे.

कारागीर मिळाले ते सोन्यासारखे. सगळे त्यांना महाराज म्हणायचे. उभा जन्म रस्त्यावर पोहे लावण्यात गेलेला. मालकाला मात्र कागद हवा होता: इतके किलो पोहे, इतकं पाणी, इतकी मिनिटं. पुढे दुसरी शाखा काढायची तर चव हातात राहून चालणार नाही, म्हणे. मी महाराजांच्या मुठी काट्यावर मोजल्या. मीठ, साखर, हळद रोज जवळपास सारखी भरायची. भिजवण्याची वेळ मात्र रोज वेगळी. विचारलं तर म्हणाले, “घड़ी मत देखो भिया, दाना देखो.” चाळणीतला एक दाणा बोटांत दाबायचा, दबला पाहिजे, फुटला नाही पाहिजे.

यामागे कारण आहे. पोहे म्हणजे भिजवून, भाजून, चेपलेलं भात. खाण्याजोगं ते गिरणीतच झालेलं असतं. आपण फक्त पाणी देतो. किती पाणी पिणार ते भात नवं की जुनं, दाणा किती जाड चेपलाय, यावर ठरतं. नव्या भाताचे पोहे लवकर मऊ पडतात. म्हणून कागदावर मी मिनिटांपुढे ‘दाणा बघून’ असं लिहिलं. लॅमिनेट होऊन भिंतीवर लागला त्या कागदात ते दोन शब्द नव्हते. मालकाने काढून टाकले होते. एकच आकडा हवा, म्हणून.

उद्घाटन नेमकं नवं भात बाजारात आल्यानंतरचं. आदल्या रात्री उज्जैनच्या गिरणीची नवी पोती उतरली. सकाळी पूजा, मग स्थानिक वाहिनीचा कॅमेरा. महाराजांना फेटा बांधून दारात उभं केलं. मी बिलाच्या मशीनशी अडकलेलो. आत नव्या पोराने कागदाबरहुकूम पाच किलो पोहे भिजवले आणि घड्याळ लावलं. मी पोचलो तेव्हा गोळे होत आले होते आणि पन्नासेक प्लेटा बाहेर गेल्याही होत्या. उरलेले ओल्या कचऱ्याच्या डब्यात घातले. (इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो. त्या सकाळी मला हा विचार बरा वाटला.) महाराज फेटा काढून आत आले, न बोलता नवे पोहे धुवायला घेतले.

मग मी माफी मागायला टेबलांवर गेलो. कोपऱ्यात ऐंशीच्या घरातल्या एक काकू बसल्या होत्या, मालकाच्या नात्यातल्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “अरे, अगदी तेच पोहे! किती वर्षांनी.”

माझ्यामागे ताजी प्लेट घेऊन महाराज उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

मला आधी वाटलं, काकू मन राखतायत. पण माझ्या पोटात हे राहीना. विचारलं, “काकू, कुठले म्हणजे? कुणाच्या ठेल्यावरचे?” त्या म्हणाल्या, “ठेल्यावर कोण जाऊ देत होतं आम्हाला? आमच्या घरातल्या बायका रस्त्यावर उभं राहून खात नसत. हे पुडा बांधून आणायचे. घरी येईस्तोवर वाफेने मऊ झालेले, शेव भिजलेली, सगळं एकजीव. ते आम्ही स्वयंपाकघरात बसून खायचो.”

महाराजांची ताजी प्लेट त्यांनी खाल्ली. छान आहेत म्हणाल्या, अर्ध्या ठेवल्या.

मी रामबागेतला मुलगा. दूध आणायला गेलो की ठेल्यावर पोहे खाऊन यायचो. सरकती वाफ, दाणा सुटा, शेव कुरकुरीत. माझं इंदूर ते. आईसाठी पुडा बांधून न्यायचो, तो तिने उघडल्यावर आत काय असायचं, हे मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे भिंतीवर राजवाडा, नायडू, खाली ठेल्याची चव, असं जे आम्ही सगळ्यांचं म्हणून मांडत होतो, ते बाहेर हिंडू शकणाऱ्यांचं होतं. हॉटेलात येणाऱ्यांत निम्म्या बायका असतात, आणि साठीपुढच्या कितीतरी जणींचं जुनं इंदूर पुड्यात बांधून घरी आलेलं असणार.

मालकाने यातून भलताच अर्थ काढला. लोकांना मऊ आवडतात, तर तीच मिनिटं कायम ठेवू. महाराजांनी साफ सांगितलं, गोळे मी लावणार नाही. मीही त्यांच्याच बाजूचा. काकूंना आवडला तो बिघडलेला पोहा नव्हे. नीट लावलेला पोहा पुड्यात मुरल्यावर जो होतो, तो.

दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. वर्तमानपत्रात खाणं बांधायला आता बंदी आहे, म्हणून केळीचं पान आणि वर बटर पेपर. महाराजांचे सुटे पोहे, कांदा, शेव, जिरावण सगळं आत घालून अर्धा तास ठेवलं. उघडलं तर दाणा शाबूत, पण मऊ. शेवेचं बेसन पोह्यांना लागलेलं, जिरावण आतपर्यंत उतरलेलं. महाराजांनी चव घेतली आणि म्हणाले, यात कांदा कमी घाला, पाणी सुटतं.

हा पुडा कार्डावर यावा, टेबलावर बसल्याजागी बांधलेलाच यावा, असं माझं म्हणणं आहे. मालक म्हणतो, फोटो चांगला येत नाही. मिनिटांचा कागद मी भिंतीवरून काढायला लावलाय. पुड्याचं अजून जमलेलं नाही. गराडूंचा हंगाम संपायच्या आत पुन्हा इंदूरला जाणार आहे, तेव्हा काकूंनाच बोलावून मालकासमोर पुडा उघडायचा विचार आहे.