मोलोकिनीत डाइव्ह: हालेआकाला आधी, समुद्र नंतर

मोलोकिनी म्हणजे हवाईतल्या माउई बेटासमोर समुद्रात अर्धी बुडालेली ज्वालामुखीच्या विवराची कड. १९७७ पासून हे संरक्षित सागरी क्षेत्र आहे. मासेमारी बंद, आणि वर समुद्रपक्ष्यांची वस्ती असल्याने या कडेवर पाय ठेवायलाही मनाई.

सकाळी सहा-सातला सुटणारी बोटच घ्या. दुपारकडे व्यापारी वारे जोर धरतात, लाटा उठतात आणि स्वस्तातली दुपारची फेरी बरेचदा दुसऱ्याच जागी नेते.

विवराच्या आत पाणी संथ असतं. नांगराने प्रवाळ मोडू नये म्हणून बोटी कायमच्या बोयांना बांधतात. पश्चिमेच्या ‘रीफ्स एंड’ टोकाला मात्र कड पाण्याखाली पुढे जाते. तिथे आतल्या बाजूला प्रवाह जाणवत नाही, पण आडोसा सुटला की तो एकदम ओढतो. खडकालगत, गाइडच्या मागेच राहा. प्रवाहाविरुद्ध पाय मारत बसलात तर हवा भराभर संपते.

विवराच्या बाहेरच्या बाजूची, म्हणजे मागची भिंत सुमारे ९० मीटर खाली उतरते. इथे बोट बांधत नाहीत. आपण वाहत जायचं, बोट मागून येते. पाणी ३० मीटर आणि त्याहून लांबपर्यंत स्वच्छ, तळ दिसत नाही, त्यामुळे किती खाली गेलो याचा अंदाजच येत नाही. डाइव्ह कॉम्प्युटरवर खोलीचा गजर आधीच लावा. ओपन वॉटर कार्डाची, म्हणजे डाइव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. तारकर्लीला गाइडने धरून नेलेली डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, त्या भरवशावर भिंतीचं नावही काढू नका.

इथले टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारे गेज पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) असतात, बारमध्ये नाही. भरलेली टाकी ३००० म्हणजे साधारण २०० बार, आणि शेवटी राखून ठेवायचे ५० बार म्हणजे ७२५. वजनं पौंडांत मागावी लागतात: ६ किलो म्हणजे १३ पौंड. स्वतःचा डिन रेग्युलेटर (टाकीत आट्याने बसणारा) नेणार असाल तर योक अडॅप्टर (टाकीवर पकडीने बसवणारा जोड) जवळ ठेवा. उन्हाळ्यात ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. हिवाळ्यात पाणी २४ अंशांवर येतं, तेव्हा ५ चा बरा.

सगळ्यात मोठी गफलत वेळापत्रकात होते. माउईवरच्याच हालेआकाला ज्वालामुखीचं शिखर ३०५५ मीटर उंच, म्हणजे विमानाच्या केबिनमधल्या दाबाच्या उंचीहूनही वर. दोन डाइव्ह करून त्याच दिवशी सूर्यास्त बघायला गाडी वर काढली, तर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. मध्ये किमान १८ तास जाऊ द्या. त्यापेक्षा शिखर डाइव्हच्या आधीच्या दिवशीच उरका. सूर्योदयासाठी गाडीचं आगाऊ आरक्षण लागतं.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचंच न्या, माउईत रासायनिक सनस्क्रीनवर बंदी आहे. खरं तर लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट शर्ट, त्याहून सोयीचा.