पार्तागास सेरी डी क्रमांक ४ : एका भारदस्त सिगारची चव

क्यूबातील हवानात १८४५ साली स्थापन झालेल्या पार्तागास या सिगार-ब्रँडची 'सेरी डी क्रमांक ४' ही सिगार आखूड आणि जाड, म्हणजे १२४ मिलिमीटर लांबीची व सुमारे २० मिलिमीटर व्यासाची असते. तिचा धूर फुफ्फुसात घ्यायचा नसतो. तो तोंडात घोळवून सोडायचा, आणि त्यातला थोडासा नाकावाटे बाहेर काढला की काळ्या मिरीचा झणका खरा कळतो. सुरुवातीला हा तिखटपणा आणि ओल्या मातीचा गंध पुढे असतो. मध्यावर मात्र चामडे, सीडरचे लाकूड आणि बिनसाखरेच्या कडक कॉफीसारखा कडवटपणा एकमेकांत मिसळू लागतो, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वोत्तम भाग होय. शेवटचा भाग मला जरा जहालच वाटतो.

हे भारदस्तपण मुख्यतः लिहेरो या पानांतून येते. रोपाच्या शेंड्याकडील ही पाने भरपूर ऊन खाऊन जाड व तेलकट होतात आणि सावकाश जळतात, म्हणून सिगार वळणारा कारागीर ती गाभ्यात ठेवतो. घाईने झुरके घेतल्यास धूर तापून चव करपते. मिनिटाला एक झुरका पुरे. रिकाम्या पोटी मात्र ती ओढू नये, कारण निकोटिन तोंडातूनही रक्तात उतरते आणि गरगरू लागते. कर्करोगाचा धोका तर भरल्या पोटीही टळत नाही.