कुंडीतलं आलं: सगळा वेळ खातो तो कोंब

घरात कुंडीत आलं लावण्याचा माझा अनुभव लिहितोय तो मुख्यतः कोंबासाठी. एकदा कोंब वर आला की आल्यासारखं सोशिक पीक नाही. तोवर मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ते माणसाचा अंत पाहतं.

आपल्याकडे लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. कोंब फुटायला 25 ते 30 अंश तापमान लागतं आणि तेव्हा इथे पारा चाळिशीच्या वर असतो. कुंडीत थेट लावलेला कंद कोरड्या हवेत सुकतो, आणि सुकू नये म्हणून रोज पाणी घातलं तर कुजतो. म्हणून कोंब कुंडीबाहेर काढायचे आणि मगच लावायचं, यावर मी ठाम आहे.

त्याआधी बेणं. याबाबतीत विकणाऱ्यांचा मला अजूनही राग आहे. एका रोपवाटिकेत 'बेण्याचं आलं' म्हणून पातळ सालीचं, धुऊन चकचकीत केलेलं कोवळं आलं हातात दिलं जातं. ते सुरकुततं, फुटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत नुकतं काढलेलं आलंही चालत नाही. काढणीनंतर गड्ड्याची सुप्तावस्था दोन-तीन महिने टिकते. मंडईत एप्रिलमध्ये जुनं, जाड सालीचं, टोकाला पिवळसर टपोरे डोळे (जिथून कोंब फुटतो ते फुगीर ठिपके) आलेलं आलं निवडून घ्या, तेच खरं बेणं. 'माहीम' हा आपल्याकडचा जुना वाण चांगला येतो.

30 ते 40 ग्रॅमचा, निदान दोन डोळ्यांचा तुकडा करायचा. एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून त्यात अर्धा तास बुडवायचा (हातमोजे घाला). मग काप सुकेपर्यंत दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचा. ओला काप मातीत गेला की कुजायला तिथूनच सुरुवात होते.

आता कोंब काढणं. तळाला भोकं पाडलेल्या टबात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, पण थेंब गळू नये. डोळे वर ठेवून तुकडे अर्धे पुरा आणि टब ओल्या गोणपाटाने झाका. जागा आतल्या खोलीत, फरशीवर. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा पत्र्याखाली नाही. गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओला करायचा, कोकोपीट मात्र वरचा थर सुकल्यावरच. कूलरची दमट हवा जवळून जात असेल तर उत्तम.

यानंतर तीन ते सहा आठवडे काहीच दिसत नाही. या वेळी तुकडा उकरून बघायचा मोह आवरा. नवी मुळं तुटतात. शंका आली तर वरूनच बोटाने दाबा. टणक असेल तर जिवंत आहे, थांबा. मऊ पडून घाण वास येत असेल तर भोवतीच्या कोकोपीटासकट फेका, नाहीतर कूज शेजारच्या तुकड्यात जाते. एकाच टबातले तुकडेही एकदम फुटत नाहीत, म्हणून मागे राहिलेले घाईने टाकू नका.

कोंब 2-3 सेंटिमीटर झाला की कुंडी. 14 इंच रुंद, 12 इंच खोल. आलं आडवं पसरतं, म्हणून रुंदी महत्त्वाची. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समान, वाळू त्यांच्या निम्मी. आपली काळी माती नको, पाणी धरून ठेवते. कुंडीत दोन-तीन तुकडे, 5 सेंटिमीटर खोल, आणि वर 8 सेंटिमीटर जागा रिकामी. अडीच महिन्यांनी गड्डे उघडे पडू लागले की तिथे हेच मिश्रण घालून भर लावायची असते.

पूर्वेची खिडकी हवी. पश्चिमेचं ऊन पानं करपवतं. पानांची टोकं तपकिरी झाली तर बहुतेकदा बोअरच्या क्षारांमुळे किंवा कोरड्या हवेमुळे. अशा वेळी नळाचं पाणी आलं आणि माती सुकलेली असली, तर क्षार धुऊन जावेत म्हणून ते कुंडीतून भरपूर निथळू द्या. नळ काही दिवसांआड येतो म्हणून त्याच दिवशी रोपाला जास्तीचं पाजून ठेवायचं, हे मात्र नको; साठवलेलं पाणी माती वरून इंचभर सुकल्यावर द्या. बुंधा मऊ होऊन फुटवा हलक्या ओढीनं निघाला तर ती कंदकूज. ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडतात. पाणी तोडा, पंधरा दिवसांनी काढा. टणक, डोळेदार गड्डे बेण्यासाठी न धुता कोरड्या वाळूत सावलीला ठेवा, म्हणजे पुढच्या एप्रिलला मंडईत शोधत बसावं लागत नाही.