चिनी वाचायचं तर आधी मू आणि जिन

चीनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक दिल्ली, लंडन नाहीतर न्यूयॉर्कवरून फिरून आलेलं असतं. त्यात सीमा असते, कारखाने असतात, बुलेट ट्रेन असते. गाव क्वचितच असतं. गाव समजून घ्यायचं तर चिनीतच वाचावं लागतं. आणि या कामात शहरातल्या पोरापेक्षा यवतमाळ-वाशीमकडचं कास्तकाराचं पोरगं पुढे राहू शकतं, असं माझं मत आहे. फक्त वाचायला काय घ्यायचं ते बरोबर ठरवलं पाहिजे.

बरेच जण कन्फ्यूशियसच्या वचनांना नाहीतर जुन्या कवितांना हात घालतात. ती अभिजात चिनी आहे, तिचं व्याकरणच वेगळं. त्यात सहा महिने घालवूनही आजचं साधं सरकारी पत्रक वाचता येत नाही, आणि मग माणूस भाषाच सोडून देतो.

अक्षरांचा हिशेब असा: चीनच्या 1988 च्या यादीत नेहमीच्या वापराची 2500 आणि त्याखालची 1000, अशी 3500 अक्षरं आहेत. पहिली 2500 आली की साध्या मजकुरातली सुमारे 98 टक्के अक्षरं ओळखीची निघतात. यावर हुरळून जाऊ नये. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळखीची दोन अक्षरं शेजारी आली की भलताच अर्थ होतो, आणि शब्द कुठे तोडायचा हे चुकलं की अख्खं वाक्य घसरतं. शिवाय उरलेल्या दोन टक्क्यांतच पिकांची, किडींची, अवजारांची नावं दडलेली असतात.

हजार-बाराशे अक्षरं झाली की शेतीखात्याची पत्रकं घ्यायला हरकत नाही. एका बैठकीला तीन-चारशे अक्षरांचा मजकूर पुष्कळ झाला. शंभरात दहाच्या वर अक्षरं अडत असतील तर तो कागद बाजूला ठेवा, दोन महिन्यांनी काढा. शब्दकोश ऑफलाइन चालणाराच हवा (प्लेको हे ॲप चांगलं आहे), कारण आपल्याकडे लाइन कधी जाईल आणि रेंज कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात बोटाने अक्षर काढून शोधायची सोय असते, ती पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. भिंतीवर रंगाने लिहिलेली अक्षरं कॅमेऱ्याला नेहमी ओळखू येतातच असं नाही. बोटाने काढताना रेघांचा क्रम बरोबर असला की शब्दकोशाला ती सहज सापडतात.

आता मापं. मू म्हणजे हेक्टरचा पंधरावा भाग, 667 चौरस मीटरच्या आसपास. एका एकरात सहा मू बसतात. जिन म्हणजे अर्धा किलो. पत्रकात 'मूला इतके जिन' असं आलं की 33 ने भागा, एकरी क्विंटल निघतात. सोयाबीन मूला 300 जिन म्हणजे एकरी नऊ क्विंटल. जिनऐवजी किलो लिहिले असतील तर साडेसोळाने भागा. मोठ्या आकड्यांत वान म्हणजे दहा हजार आणि यी म्हणजे दहा कोटी. लाख-कोटीत वाढलेल्याला हे जड जात नाही. शेतजमीन 18 यी मूच्या खाली जाऊ द्यायची नाही, ही तिथली 'लाल रेषा' वारंवार भेटते: 180 कोटी मू, म्हणजे 12 कोटी हेक्टर. फोनवरच्या भाषांतराने मूचा थेट एकर केला असेल तर सगळा हिशेब सहापट फुगतो. म्हणून आकडा नेहमी मूळ मजकुरातूनच उचलायचा.

कापसात खरी गोची आहे. चीनचा 90 टक्क्यांहून जास्त कापूस वायव्येकडच्या एकट्या शिंच्यांग (शिनजियांग) भागात होतो. तिथल्या सरकारी आकडेवारीतलं उत्पादन रुईचं असतं, पण जिनिंगवर भाव निघतो तो सरकीसकट कापसाचा, किलोवर. मूला 140 किलो असा आकडा दिसला की आपला माणूस एकरी साडेआठ क्विंटल काढतो आणि म्हणतो, एवढं तर ओलिताच्या पऱ्हाटीला आपल्याकडेही होते. ती साडेआठ क्विंटल रुई आहे. कापसातून रुईचा उतारा 40 टक्के धरला तर सरकीसकट 21 क्विंटल होतात. तेच पत्रक पुढे वाचलं की कारणंही कळतात: प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ठिबक, मूला दहा हजारांवर झाडं, यंत्राने वेचणी. आपल्या कोरडवाहू वावराशी ही तुलनाच होत नाही. पत्रकात जे नसतं तेही ध्यानात असू द्या. शिंच्यांगमधल्या मजुरीत सक्ती होते असे गंभीर आरोप जगभर झाले, अमेरिकेने 2022 पासून तिथल्या मालाच्या आयातीवर कडक कायदा लागू केला, आणि चीन सरकार हे आरोप नाकारतं. एकाच बाजूचे कागद वाचून निकाल देऊ नये.

सातबारा डोक्यात ठेवून जमिनीबद्दल वाचलं तर हमखास चुकतं. तिथे शेतजमीन गावसमूहाच्या मालकीची. कुटुंबाला मिळतो तो कसण्याचा करार, आधी 15 वर्षांचा, मग 30, आणि 2017 मध्ये आणखी 30 वर्षांची वाढ जाहीर झाली. 'जमीन दुसऱ्याकडे दिली' असं वाक्य आलं तर ती विक्री नसते, कसण्याचा हक्क दिलेला असतो. घरातला कर्ता शहरात कामाला गेला तरी त्याची कुटुंबनोंदणी गावचीच राहते. या नोंदणीचा कायदा 1958 चा आहे. मुलांची शाळा आणि दवाखान्याच्या सवलती तिच्याशी बांधलेल्या आहेत, म्हणून लेकरं आजी-आजोबांपाशी ठेवण्याचा विषय गावाकडच्या लेखांत पुन्हा पुन्हा येतो.

नात्यांत मात्र आपण फायद्यात. मामा, आत्या, मावशी चिनीतही वेगवेगळ्या आहेत. वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावाला तर दोन निराळे शब्द. इंग्रजीतून फिरून आलेल्या भाषांतरात मामाचाही काका होऊन बसतो.

सरकारी भाषा आपल्या ओळखीची वाटेल. 'संबंधित विभाग' तिथेही आहे, 'तत्त्वतः मान्यता'ही आहे, आणि दोन्हींचा अर्थ आपल्याकडे होतो तोच होतो. केंद्राचं वर्षातलं पहिलं परिपत्रक 1982 ते 1986 आणि मग 2004 पासून दरवर्षी शेतीवर निघत आलं. असल्या कागदात सुरुवातीला यशाचा पाढा असतो. 'त्याचबरोबर हेही पाहिलं पाहिजे' अशा धर्तीचं वाक्य आलं की पेन्सिल हातात घ्या, काम तिथून सुरू होतं. भिंतीवरच्या घोषणा उलट्या बाजूने वाचाव्यात. 'मुलगा होवो की मुलगी, दोन्ही सारखंच चांगलं' असं रंगवावं लागतं, कारण लोक तसं मानत नव्हते. पुढे 2016 ला दोन मुलं आणि 2021 ला तीन मुलं अशी मुभा मिळाली आणि घोषणांचा सूरच पालटला.

साहित्यातलं एकच घ्यायचं तर लू शुन यांची 1919 ची 'खोंग यीजी' ही छोटी कथा घ्या. ती तिथे शाळेत शिकवतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असते. पहिलाच परिच्छेद हळू वाचा. दारूच्या दुकानाचा गुण्यासारखा वळलेला गल्ला, कोमट दारूची वाटी चार पैशांना (कथा सांगितली जाते तेव्हा भाव दहावर गेलेला), एक पैसा जास्त टाकला तर मसाल्यात शिजवलेल्या शेंगदाण्यांची बशी. आखूड सदऱ्याचे मजूर उभ्याने पितात, लांब झग्याचे, म्हणजे शिकलेले-खातेपिते, लोक आतल्या खोलीत बसून. खोंग यीजी हा लांब झगा घालून उभ्याने पिणारा एकटाच. तो दोन वाट्या आणि एक बशी मागतो आणि नऊ पैसे ओळीने मांडतो. बेरीज जुळते का ते स्वतः करून पाहा. मी वर शेंगदाणे लिहिलंय ते मुद्दाम: मूळात ते बडीशेपेच्या वासाचे बाकल्याचे दाणे आहेत, आणि शब्दकोश न उघडता वाचणारा नेमका असाच ओळखीचा पदार्थ घुसडतो.

2023 मध्ये चीनमध्ये 'खोंग यीजीचा झगा' हे शब्द नेटवर जिकडेतिकडे दिसू लागले. डिग्री आहे, पण तिच्या तोलाचं काम नाही आणि हलकं काम करवत नाही, असा त्याचा रोख. शहरी 16 ते 24 वयोगटातली बेरोजगारी त्या जूनमध्ये 21.3 टक्के निघाली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो आकडा देणंच थांबवलं. जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने पुन्हा सुरू केला. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेल्या कुणालाही ही चर्चा समजावून सांगावी लागणार नाही.

असले लेख कधी गायब होतील याचा नेम नसतो. वाचायला घेतला की लगेच पानाची प्रत फोनमध्ये जपून ठेवा आणि वर तारीख, कुणी छापलं आणि मूळ शीर्षक टाका. नंतर त्याच विषयावरचा सरकारी लेख मिळाला की दोन्ही शेजारी ठेवून कोणती वाक्यं गळली ते बघता येतं.