कोणतं भिंग घेऊ?

“काकू, या वयात सोल्डरिंगचं, म्हणजे शिसं वितळवून बोर्डावर पार्ट जोडायचं बारीक काम, तुम्हाला दिसतं तरी कसं? आणि मी कोणतं भिंग घेऊ?” असं विचारणारे बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले असतात. कुणी निवृत्तीनंतर रेडिओचं किट जुळवायला बसलेलं असतं, कुणाची सगळी हयात टीव्ही दुरुस्तीत गेलेली असते. मोठे पार्ट होते तोवर ठीक चाललं होतं. आता बोर्डावर थेट बसणारा बारीकसा एसएमडी रेझिस्टर चिमट्यातून सटकतो आणि फरशीच्या नक्षीत कायमचा हरवतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: “दहा पटीचं घेऊ की वीस?”

पट विचारू नका, अंतर विचारा. भिंगाची पट वाढली की ते बोर्डाच्या जवळ न्यावं लागतं, यात घासाघीस चालत नाही. साध्या भिंगाचा हिशोब सोपा आहे. 100 ला डायॉप्टरने (भिंगाच्या नंबराने) भागलं की फोकसचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. 3 डायॉप्टरला 33, 5 ला 20 आणि 10 ला फक्त 10. घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहा पटीचं भिंग तर अडीच सेंटिमीटरवर आणावं लागतं. तेवढ्या फटीत सोल्डरिंगची गन, शिशाची तार आणि चिमटा घालणार कुठून? शिवाय फ्लक्सचा, म्हणजे शिसं नीट पसरावं म्हणून लावतात त्या राळेचा, धूर थेट डोळ्यात. ते भिंग जरूर ठेवा, पण काम झाल्यावर ड्राय सोल्डर (नीट न पकडलेला जोड) राहिलाय का, दोन पाय शॉर्ट झालेत का, हे बघायला.

आणि भिंगाच्या दुकानाआधी चष्म्याच्या दुकानात जा. विशीतला डोळा दहा सेंटिमीटरवरचं स्पष्ट बघतो. पुढे डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि साठीला पेपर हातभर लांब धरला तरी भागत नाही. जवळचा नंबर काढतात तो वाचण्यासाठी, साधारण 40 सेंटिमीटरसाठी. आपण बोर्ड धरतो तिसावर. 40 ला अडीच नंबर पुरत असेल तर 30 ला सव्वातीनच्या आसपास लागतो. म्हणून कामाच्या टेबलाशी नेहमीसारखं बसा, कुणाला तरी डोळ्यापासून बोर्डापर्यंत टेप लावायला सांगा आणि तो आकडा तपासणाऱ्याला द्या. काच एकाच नंबरची घ्या. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे लांबचे-जवळचे नंबर एकाच काचेत असतात त्यात, जवळचं दिसतं फक्त खालच्या पट्टीतून, मग हनुवटी वर करून काम करायचं आणि संध्याकाळी मानेला बाम चोळायचा. नवा चष्मा लावूनही सगळं धुरकट दिसत असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या. भिंगाने धुरकट चित्र मोठं होतं, स्वच्छ होत नाही. ऑपरेशन होऊन साधी एकाच अंतराची लेन्स बसवलेली असेल, तर ती बहुतेक वेळा लांबच्यासाठी असते. कामाला जवळचा चष्मा लागतोच.

उजेडाचं कुणी विचारत नाही, पण निम्मं दुखणं तिथंच असतं. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. आपल्याला नातवापेक्षा प्रखर दिवा लागतो, त्यात कमीपणा कसला? फक्त तो डोक्यावरून सरळ पाडू नका. वितळून गार झालेलं शिसं आरशासारखं चमकतं आणि नुसता झगझगाट दिसतो. दिवा बाजूला, खाली घ्या, म्हणजे जोडाचा उतार दिसतो. शिसं पायावर चढलंय की नुसतं टेकलंय हे कळतं. प्रकाश पांढरा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बघा, नाहीतर रेझिस्टरवरचा तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टा एकच वाटायला लागतो. दिवा जोडलेलं मोठं गोल भिंग असेल आणि ते खिडकीपाशी असेल तर काम झाल्यावर झाकून ठेवा. दुपारच्या उन्हात ते टेबल पेटवू शकतं.

एवढं झाल्यावर खरेदी. माझं रोजचं काम डोक्याला लावायच्या भिंगावर चालतं. चष्म्यावरून बसतं, दोन्ही डोळे वापरात राहतात, त्यामुळे खोली कळते आणि गनचं बिट, म्हणजे तापलेलं टोक, नेमकं कुठं टेकणार याचा अंदाज चुकत नाही. ऑप्टिव्हायझर या डोक्याला लावायच्या भिंगात 3 नंबरचं भिंग पावणेदोन पट दाखवतं, अंतर साधारण 35 सेंटिमीटर. 5 नंबरचं अडीच पट, अंतर 20. मी 5 वापरते. 0805 (2 मिमी लांब) आणि 0603 (1.6 मिमी) या मापांचे पार्ट त्यात आरामात होतात. काही शे रुपयांत मिळणारे हेडबँडही वाईट नाहीत, पण त्यांची भिंगं प्लास्टिकची, पुसताना चरे पडतात.

0402, म्हणजे एक बाय अर्धा मिलिमीटरचा पार्ट, किंवा अर्ध्या मिलिमीटरवर पाय असलेली आयसी (चिप) आली की मात्र स्टिरिओ, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायचा, मायक्रोस्कोप. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तोच. किंमत पाच आकडी जाते, पण हौस पक्की असेल तर घ्याच. नेहमीचा झूम 7 ते 45 पट असतो. त्याला खालून 0.5 ची बार्लो लेन्स लावायची. पट निम्मी होते, पण खालची जागा दहा सेंटिमीटरवरून सोळाच्या आसपास जाते आणि गन तिरकी शिरते. माझं काम सात ते दहा पटीत होतं. त्याखाली पहिल्यांदा हात बघितलात की घाबराल, केवढा कापतोय! जरा थांबा. डोळ्याला थरथर दिसली की हात आपोआप सावरतो. एका पॅडवर (बोर्डावरच्या जोडाच्या ठिपक्यावर) आधी थोडं शिसं घ्या, पार्ट चिमट्यात धरून शेजारी आणा, बिट टेकवा. शिसं वितळून एकदम चकाकतं, त्या क्षणी पार्ट आत सरकवा आणि बिट आधी उचला, चिमटा नंतर.

यूएसबीवर चालणारा स्वस्त मायक्रोस्कोप तपासणीपुरता ठीक. सोल्डर करायला मला नको वाटतो. चित्र सपाट, आणि हात हलल्यावर पडद्यावर जरा उशिरा हलतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत घ्यायला जाल तेव्हा खिशात एक मेलेला बोर्ड, चिमटा आणि गनऐवजी पेन न्या. कामाचाच चष्मा लावा. कोपर काउंटरवर टेकवून, पेनाचं टोक आयसीच्या एकेका पायावर ठेवून बघा. दोन-चार पाय झाले की पेन भिंगाला आपटतंय का, मान वाकतेय का, ते समजेल. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.