चार लॅप जास्तीचे

माझा धंदा टायमिंगचा. मॅरेथॉन, सायकल शर्यती, शाळांच्या क्रीडा स्पर्धा. रेषेवर चटया अंथरायच्या, बिबामागची, म्हणजे छातीवरच्या नंबरामागची चिप वाचायची, निकाल लावायचे. आरसी गाड्यांचं, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या रेसिंग गाड्यांचं काम मधूनच कधीतरी येतं आणि त्यात पैसेही बेताचेच सुटतात. तरी मी ते सोडत नाही. मॅरेथॉनमध्ये अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर कुणी विचारायला येत नाही. इथे आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापला जातो आणि मैदानातलं शेंबडं पोरसुद्धा तो वाचून दाखवतं.

शिवाय या धंद्याची मुळं आरसीतच आहेत. एएमबी ही नेदरलँड्समधली कंपनी १९८२ साली निघाली ती आरसी शर्यतींचे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, आपोआप मोजायला. मोठ्या मोटरगाड्या, सायकली, स्केटिंग हे सगळं नंतर आलं. पुढे तिचं नाव मायलॅप्स झालं, पण जुनी मंडळी डिकोडरला, म्हणजे गाड्यांचे सिग्नल वाचणाऱ्या यंत्राला, अजून ‘एएमबी’च म्हणतात.

तर ही शर्यत वाशीला होती, एका पार्किंगच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. १/१० मापाच्या इलेक्ट्रिक टूरिंग गाड्या, खाली करडं कार्पेट, कडेला पांढऱ्या पाइपांच्या बॉर्डर. शनिवारी संध्याकाळी भाच्याला बरोबर घेतलं आणि विटावा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रस्त्याने सामान घेऊन पोचले. कार्पेट पूर्ण अंथरायच्या आधी वाचनाचा लूप टाकायला मिळावा, एवढीच माझी अट असते.

लूप म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. रेषेवर ट्रॅकच्या आडवी, एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर समांतर टाकलेली दोन तारांची जोडी. एका टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्या टोकाला छोटी डबी आणि तिथून डिकोडरपर्यंत कोअ‍ॅक्स केबल, टीव्हीच्या डिशला असते तसली. गाडीतला ट्रान्सपाँडर नखाएवढा असतो, रिसीव्हरवरूनच वीज घेतो आणि सतत आपला नंबर पुटपुटत असतो. गाडी लूपवरून गेली की तो नंबर तारांमध्ये उतरतो. त्या निमिषात डिकोडर तो अनेकदा ऐकतो. अशा प्रत्येक ऐकण्याला हिट म्हणायचं. हिट्स किती आणि सिग्नल किती जोराचा, यावरून गाडीने रेषा नेमकी केव्हा ओलांडली ते ठरतं.

गच्चीचा त्रास एकच, स्लॅबमधलं लोखंड. सळ्या लूपच्या अगदी जवळ आल्या तर सिग्नल खातात. म्हणून मी खाली फोम बोर्डाची पट्टी टाकून लूप थोडा उचलून घेते. एरवी डिकोडर चालवणाऱ्यांच्या स्टँडजवळ, रेषेसमोरच असतो. इथे उन्हाच्या भीतीने आयोजकांनी टायमिंगचं टेबल पार पलीकडच्या शेडमध्ये नेलं होतं. त्यामुळे केबल लांबच लांब, मधल्या बेटाच्या कडेने आणि शेवटाकडच्या हेअरपिनच्या, म्हणजे उलट फिरणाऱ्या वळणाच्या, आतल्या पाइपालगत कार्पेटखालून न्यावी लागली. रात्री सगळं तपासलं. नॉइजचा, म्हणजे केबलमधून येणाऱ्या नको त्या सिग्नलचा, आकडा छान खाली होता. कुलूप लावून घरी आलो.

सकाळी नॉइज वाढलेला. आयोजकांना ताबडतोब नवा विमानतळ आठवला. “रडार असेल मॅडम, उलव्यावरून थेट समोर आहे.” दुसऱ्याने मोबाइल टॉवरकडे बोट दाखवलं. मी आधी एलईडीची भिंत बंद करायला लावली, कारण तिचा पॉवर सप्लाय असल्या उचापतींना प्रसिद्ध. आकडा थोडा उतरला, पूर्ण नाही. लूपवरून एकेक गाडी हाताने ढकलून पाहिली तर वाचन खणखणीत. एका गाडीचा ट्रान्सपाँडर मात्र कार्बन फायबरच्या प्लेटवर चिकटवलेला निघाला. कार्बन फायबर सिग्नल अडवतं. तो बाजूला, खालून मोकळं दिसेल असा बसवून घेतला आणि क्वालिफाइंग, म्हणजे फायनलआधीची फेरी, सुरू केलं.

क्वालिफाइंगमध्ये गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक जण रेषा ओलांडतो आणि तिथून त्याची स्वतःची पाच मिनिटं सुरू होतात. पुढे दिसणारी गाडी पुढेच असते असं नाही, हे प्रेक्षकांना समजावता समजावता घसा बसतो. पाच मिनिटं झाली की चालू लॅप पूर्ण करायचा. निकाल ‘इतके लॅप, इतक्या वेळात’.

तिसऱ्या हीटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तिसऱ्या गटात, निळ्या बॉडीची गाडी होती. चालवणारी मुलगी बारावीतली असेल. तिचा निकाल छापून आला: २५ लॅप, ५ मिनिटं ६ सेकंद. तिच्या मागच्याचे २१.

गर्दीतून पहिला आवाज आला तो दुसऱ्या क्रमांकावरच्या मुलाच्या वडिलांचा. “दोन ट्रान्सपाँडर लावलेत! गाडी उघडा!” हे बोलणं तांत्रिकदृष्ट्या निरर्थक, कारण दुसऱ्या ट्रान्सपाँडरचा नंबरही दुसराच असतो. पण आवाजाला जोर होता. मुलीने एक शब्द न बोलता बॉडी काढून गाडी टेबलावर ठेवली. आत एकच ट्रान्सपाँडर.

शेडच्या कोपऱ्यात एक काका स्टूल टाकून बसले होते. त्यांनी २७ मेगाहर्ट्झच्या काळात गाड्या पळवलेल्या. तेव्हा एका चॅनेलवर दोघांनी रिमोट चालू केला की दोन्ही गाड्या भिंतीत, म्हणून चॅनेलची क्लिप हातात आल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही असा दंडक होता. लॅप माणसं मोजायची, कागदावर. ती सवय यांची गेलेली नाही. आवडेल ती एक गाडी निवडतात आणि रेघा मारतात. चार उभ्या, पाचवी आडवी. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. “पोरी, निळीचे एकवीसच आहेत बघ.”

मला वहीची गरज नव्हती खरं तर. ३०६ सेकंदांत २५ लॅप म्हणजे लॅपला सव्वाबारा सेकंद, आणि सबंध सकाळ कुणाचा लॅप चौदाच्या खाली आला नव्हता. पण वडिलांच्या तोंडाला लगाम घालायला ती वही कामी आली.

लोक निकालाच्या कागदावर लॅपची वेळ बघतात. मी हिट्सचा रकाना बघते. ते माझं वेड समजा, पण खरं-खोटं तिथेच कळतं. मुलीची यादी उघडली. बहुतेक लॅप साडेचौदाच्या आसपास. मध्ये चार ठिकाणी मात्र जोड्या: ९.३ आणि ५.४, ९.२ आणि ५.४, ९.४ आणि ५.४, अशा. बेरीज केली की प्रत्येक वेळी एक सरळ लॅप. म्हणजे रेषा ओलांडल्यानंतर सव्वानऊ-साडेनऊ सेकंदांनी गाडी कुठेतरी भलतीकडेच ‘वाचली’ जात होती. आणि त्या वाचनांना हिट्स दोन किंवा तीन, जोर निम्म्याहून कमी. गाडी हळू असेल तर हिट्स वाढतात. इथे कमी होते, म्हणजे ही जागा नीट लूप नव्हती, काहीतरी अर्धवट ऐकणारं होतं.

तोवर आयोजक घायकुतीला आलेले. “मॅडम, मिनिमम लॅप टाइम दहा करा ना, संपला विषय!” हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. सॉफ्टवेअरला सांगायचं की एवढ्या सेकंदांच्या आतलं वाचन सोडून दे. मी तो पाचवर ठेवला होता. दहा केला की सव्वानऊचं खोटं वाचन गळेल, हे बरोबर. पण कुणाची गाडी वाटेत उलटली, मार्शलने, म्हणजे ट्रॅकवर उभ्या मदतनिसाने, उचलून ठेवली आणि ती त्या जागी बाराव्या सेकंदाला पोचली तर? ते खोटं वाचन लॅप म्हणून लागेल आणि पाच सेकंदांनी रेषेवरचं खरं वाचन सॉफ्टवेअर फेकून देईल. शेवटच्या लॅपला असं झालं की त्या माणसाला पाच सेकंद बक्षीस. लॅपचा आकडा बरोबर दिसेल म्हणून कुणाला संशयही येणार नाही. मी नाही म्हटलं आणि अर्धा तास मागितला. चेहरे पडले. चहा-वडापाव पुढे ओढून घेतला गेला.

भाच्याला डिकोडरजवळ बसवलं. एक सुटा ट्रान्सपाँडर बॅटरीला जोडून हातात घेतला आणि रेषेपासून केबलच्या वाटेने, जमिनीलगत हात धरून, वाकून चालत निघाले. डिकोडर प्रत्येक वाचनाला टिक् करतो. बेटाची कड, शांत. मधली सरळ वाट, शांत. हेअरपिनच्या आतल्या पाइपाशी आले आणि शेडमधून भाचा ओरडला, “मावशी, वाजलं!” हात वीतभर मागे, बंद. पुढे, पुन्हा टिक्.

कार्पेटची कड उचलली. माझी काळी कोअ‍ॅक्स तिथे तुटलेली होती, आणि मध्ये हातभर पांढरी जुळी वायर, घरात बल्बला वापरतात ती, पीळ मारून जोडलेली. वर टेपचे वेढे अगदी सफाईदार.

मंडपवाल्यांचा सुतार बोलावला. रात्री उशिरा हेअरपिन थोडा आत घ्यायचं ठरलं, फळी कापताना करवत खाली गेली, केबल तुटली. “तशीच नाय ठेवली ताई,” तो म्हणाला, “जोडून दिली. टेस्टर लावून बघितली, दोन्ही तारा चालू.” त्याच्या हिशेबाने काम चोख होतं. वीज इकडून तिकडे जात होती. आयोजक त्याच्यावर खेकसले, मला ते आवडलं नाही. केबल कापली हे सकाळी कुणी सांगायला हवं होतं हे खरं, पण सांगायला त्या वेळी तिथे होतं कोण?

कोअ‍ॅक्सच्या आतल्या तारेभोवती जाळीचं आवरण असतं. त्यामुळे बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. केबल फक्त वाहतूक करते, ऐकत नाही. आवरण सुटलं आणि जुळी वायर आली की तेवढा तुकडा स्वतःच एक लहानसा लूप होतो. सकाळचा वाढलेला नॉइज तिथूनच शिरत होता. ट्रान्सपाँडर वीतभर अंतरावरून गेला तरच त्याला ऐकू येत होतं, म्हणून सरावात काही कळलं नाही. कार्पेटवर सकाळी पकड कमी असते, सगळे वळण बाहेरून घेतात. टायरचं रबर बसत गेलं, पकड आली, तशा गाड्या आत घुसायला लागल्या. आणि सगळ्यात आत, पाइपाला बॉडी घासेल इतक्या आत, जात होती ती निळी गाडी. म्हणजे चोरीचा आळ आला तो हात सगळ्यात साफ असलेल्या पोरीवर.

माझ्याकडे जादा केबल असते. ती टाकली, या वेळी बॉर्डरच्या वरून, सगळ्यांना दिसेल अशी. नॉइज रात्रीच्या आकड्यावर आला. विमानतळ जागच्या जागीच होता.

मग आधीच्या तिन्ही हीट्सची कच्ची यादी घेऊन बसले. ज्या वाचनाला हिट्स नगण्य आणि पुढच्याशी बेरीज करून एक लॅप होतो, तेवढीच काढली. प्रत्येक काढताना त्या मुलाला शेजारी उभं केलं, दाखवलं. मुलीचे २१ लॅप, ५:०६. दुसरा एक शांत मुलगा २१ लॅप, ५:०४, तो पहिला. आणि ज्यांनी गाडी उघडायला लावली त्या वडिलांच्या चिरंजीवांच्या २१ मध्येही एक खोटा निघाला. २० उरले, चौथा नंबर. वडील म्हणाले, “नक्की ना? पुन्हा बघा.” पुन्हा बघितलं. २० च.

दुपारी फायनलच्या आधी ती मुलगी आईबरोबर टेबलापाशी आली. मला वाटलं सर्टिफिकेटवरच्या नावाचं काहीतरी असेल.

“ताई, ते काढून टाकलेले चार लॅप मला मिळतील?”

“खोटे आहेत गं ते.”

“लॅप खोटे आहेत, पण त्या कोपऱ्यापर्यंतची वेळ खरी आहे ना?”

खरीच होती. फुकटात तिला मधल्या एका जागेची वेळ मिळाली होती, जी मिळवायला मोठ्या शर्यतींत दुसरा लूप टाकतात. तिने कागद तिथेच टेबलावर पसरला, फोनवर बेरजा केल्या. खोटं वाचन लागलेले चार लॅप, म्हणजे ज्यांत ती पाइपाला अगदी चिकटून गेली होती ते, सरासरी १४.७५ चे. बाकीचे १४.५३ चे. पाइपाला घासून जाताना तिला वाटत होतं आपण वेळ वाचवतोय, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मंदावून ती प्रत्येक वेळी दोन दशांश घालवत होती.

“शी,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून रिमोटच्या बॅगेत टाकला.

फायनलला गाड्या ग्रिडवरून, म्हणजे क्वालिफाइंगच्या क्रमाने लावलेल्या रांगेतून, एकदम सुटतात. ती दुसऱ्या जागेवरून सुटली, हेअरपिन प्रत्येक वेळी तळहातभर बाहेरून घेतला आणि दुसरीच आली. पहिला तोच शांत मुलगा. दिवसातला सगळ्यात वेगवान लॅप मात्र तिचा होता, १४.२ चा. हिट्स भरपूर, जोर पूर्ण. काकांच्या वहीतही तितकेच लॅप होते.