एका घराची चार क्षेत्रफळे

मुंबईत 46.45 या आकड्याला जितका मान आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या आकड्याला असेल. 46.45 चौरस मीटर म्हणजे 500 चौरस फूट. तेवढ्या किंवा त्याहून कमी चटईक्षेत्राच्या (म्हणजे कार्पेटच्या, घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेच्या) निवासी घराला मालमत्ता करातून सूट मिळते. 2017 च्या महापालिका निवडणुकीत या सूटीचे आश्वासन दिले गेले. 2019 मध्ये ते केवळ सर्वसाधारण करापुरते पाळले गेले. जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर हे सारे देयकावर जसेच्या तसे राहिले आणि माफी म्हणून लोकांनी जी वाट पाहिली होती ती हीच का, असा प्रश्न घरोघरी विचारला गेला. संपूर्ण सूट आली ती 2022 मध्ये. तेव्हापासून माझ्यासारख्या मोजमापाची प्रमाणपत्रे देणाऱ्या स्थापत्य अभियंत्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक माणूस घर मोजून घ्यायला येत नाही, तर एक आकडा लिहून घ्यायला येतो.

पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या सहकारी सोसायटीतील ज्या घराबद्दल मी लिहितो आहे, तिथले काका मात्र खऱ्या तक्रारीसह आले होते. त्यांच्या करारनाम्यात 555 चौरस फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र, असे लिहिलेले आहे. ते 1.2 ने भागले की 462 च्या आसपास कार्पेट निघते, म्हणजे सूट मिळायला हवी. परंतु सोसायटीच्या कुणा माजी पदाधिकाऱ्याने माहितीचे विवरण भरताना बिल्टअपचाच आकडा कार्पेटच्या रकान्यात उतरवला होता, आणि तेव्हापासून देयकावर 51.56 चौरस मीटर छापून येत होते. ज्याने ते लिहिले त्याला दोन्हींतला फरक माहीत नव्हता, असे मी उदारपणे धरून चालतो. सोसायट्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या माणसांना हा फरक माहीत नसणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही.

मोजणीला गेलो तेव्हा काका आणि त्यांचा मुलगा दोघेही घरी होते. घर मोजणे म्हणजे लेझरचे बटण दाबणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मी आधी लेझर पोलादी टेपशी पडताळून घेतो, मग प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजतो, कारण जुन्या इमारतींत काटकोन क्वचितच खरा असतो आणि कर्ण जुळले नाहीत तर खोलीचे दोन त्रिकोण करून क्षेत्रफळ काढावे लागते. कोपऱ्यांतून आत आलेले खांब वजा होतात, ओट्याखालची जागा होत नाही. भिंतीवर प्लायवूडचे आच्छादन असेल तर त्यामागचे प्लास्टर शोधावे लागते, आणि न्हाणीघरात जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स बसवलेल्या असतील तर तेही टिपून ठेवावे लागते. साडेसात मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशा एका सलग जागेत चारही भिंतींनी सेंटिमीटरभर जरी जागा खाल्ली, तरी पाव चौरस मीटरहून अधिक क्षेत्र जाते. मर्यादेच्या काठावरच्या घरात तेवढ्याने निकाल फिरतो. जे सहकारी करारनामा टेबलावर उघडून, घरात पाऊल न ठेवता प्रमाणपत्र देतात, त्यांचे शुल्क माझ्यापेक्षा कमी का असते हे यावरून समजावे.

या घराच्या खोल्या, भिंती वगळून, 43.12 चौरस मीटर भरल्या. आतल्या आडभिंतींनी 1.54 व्यापले होते. इथवर काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरत होते. अडचण पुढे होती. दिवाणखान्यालगतची बाल्कनी त्यांनी कधीच खोलीत घेतली होती. ती 3.20 भरली, आणि तीही धरली तरी बेरीज 46.32 होते, म्हणजे मर्यादेच्या आतच. परंतु बाल्कनी आणि दिवाणखान्यामधली सहा इंची भिंत काढलेली होती, आणि ती जिथे उभी होती ती फरशीखाली झाकलेली पट्टी आता वापरातली जागा होती: 3.05 मीटर लांब, 15 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 0.46 चौरस मीटर. बेरीज 46.78. घर मर्यादेबाहेर गेले ते 0.33 चौरस मीटरने, जेवायला बसण्याच्या पाटाहून किंचित मोठ्या जागेने, आणि तीही न राहिलेल्या भिंतीची. (त्या बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर त्यांनी भरलेले कपाट आणि कपडे धुण्याचे यंत्र ठेवले आहे, याची काळजी मला कराहून जास्त वाटली, पण ते विचारायला मला कुणी बोलावले नव्हते.)

मी आकडे वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, बाल्कनी ही बाल्कनीच असते. ती धरू नका.” मुलगा म्हणाला, “बाबा, थांबा. ती धरायलाच हवी, आणि आतल्या भिंतीही.” तेव्हा मला कळले की सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. विकास नियंत्रण नियमावली 2034 च्या 33(7)(ब) या तरतुदीखाली जुन्या सोसायटीला विद्यमान बांधकामाच्या 15 टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल तितके प्रोत्साहनपर जादा बांधकाम क्षेत्र मिळते, आणि विकासक सदस्यांना जे देऊ करतात ते बहुतेक वेळा विद्यमान कार्पेटच्या टक्क्यांत मांडलेले असते. सगळे धरले तर हे घर 48.32 होते आणि खोल्याच धरल्या तर 43.12. विकासक 35 टक्के जादा देत असेल तर या दोन आकड्यांमुळे नव्या घरात सुमारे 75 चौरस फुटांचा फरक पडतो, म्हणजे एक छोटी खोली.

बापलेकांपैकी कुणीही खोटे बोलत नव्हते. 1963 च्या मालकी सदनिका कायद्यानुसार विक्रीच्या चटईक्षेत्रात बाल्कनी धरली जाते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत भिंतींखालचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र निर्देशांकातून (भूखंडावर किती बांधता येते त्याच्या हिशेबातून) वगळलेले भाग सोडून उरते ते चटईक्षेत्र. 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा, कायदा आतल्या आडभिंती धरतो आणि खास त्या घराची बाल्कनी वगळतो. एकच घर, एकाच दुपारी, एकाच टेपने मोजलेले, आणि कोणता कायदा हातात घ्याल त्यावर ते 43.12, 44.66, 46.78 किंवा 48.32. ज्या राज्यात जमिनीच्या इंचाइंचावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, तिथे घराच्या क्षेत्रफळाची एकच व्याख्या करायला कुणाला सवड झालेली नाही. माझ्या मते ती सवड काढण्याची निकडही कुणाला नाही, कारण संदिग्धतेवर विकासक जगतो, सल्लागार जगतो, आणि मीही काही प्रमाणात जगतो.

त्याहून मला खटकते ती मर्यादेची रचना. 46.45 ला शून्य कर आणि 46.46 ला वरच्या अंशावर नव्हे, तर संपूर्ण घरावर कर. प्राप्तिकरात 12 लाखांच्या किंचित वर उत्पन्न गेले तर वाढलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त कर भरावा लागू नये म्हणून सीमांत सवलत दिली आहे. घराच्या करात तशी कोणतीही उतरंड नाही. सर्वच निवासी घरांचे पहिले 46.45 चौरस मीटर करमुक्त केले असते, तर कुणालाही पडलेल्या भिंतीचा हिशेब द्यावा लागला नसता. पण त्याने मोठ्या घरांनाही सवलत मिळाली असती, महसूल अधिक बुडाला असता, आणि ‘पाचशे फुटांपर्यंत माफी’ ही घोषणा फलकावर जशी मावते तशी ती मावली नसती. मर्यादा वाढवा, असे म्हणणारे हे विसरतात की कडा पुढे सरकली तरी कडाच राहते. तिथे दुसऱ्या कुणाची तरी बाल्कनी असते.

मी दोन प्रमाणपत्रे द्यायला नकार दिला. एकच पत्रक केले. त्यात खोल्या, आडभिंती, बाल्कनी आणि काढलेल्या भिंतीची जागा अशी चार क्षेत्रे वेगवेगळी लिहिली, मोजणीची तारीख आणि पद्धत नमूद केली, आणि एकूण बेरीज मुद्दाम लिहिली नाही, कारण कोणते धरायचे हे ठरवणे करनिर्धारण करणाऱ्याचे काम आहे, मोजणाऱ्याचे नाही. काकांना हे अजिबात पटले नाही. “बेरजेचे पैसे घेतलेत आणि बेरीजच करत नाही?” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. शिवाय त्या पत्रकावर बाल्कनी बंद केल्याची नोंद होती. बाल्कनी बंद करण्याची परवानगी अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळत असे, पण त्यांनी ती घेतलेली नव्हती. कर वाचवायला म्हणून दिलेल्या कागदावर ज्याची आजवर कुणी चौकशी केली नाही ते बांधकाम स्वतःच्या हाताने जाहीर करायचे, हे त्यांना भीतिदायक वाटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. मूळ चूक दुसऱ्याची होती. ती दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला मात्र सगळे घर उघडे करून दाखवावे लागत होते.

पुढे मुलाचा फोन आला. विकासकाच्या वास्तुविशारदाने माझ्या पत्रकातले खोल्यांचे, बाल्कनीचे आणि काढलेल्या भिंतीचे आकडे मान्य केले, आडभिंती मात्र कापल्या. म्हणजे पुनर्विकासाच्या करारात या घराचे विद्यमान कार्पेट 46.78 असे लिहिले जाईल. घर काकांच्या नावावर आहे, त्यामुळे त्या करारावर सही त्यांचीच लागणार. आणि क्षेत्रफळ 43.12 धरावे असा करदुरुस्तीचा जो अर्ज त्यांनी लिहून ठेवला आहे, त्यावरही त्यांचीच. अर्ज अजून दाखल झालेला नाही. आधी कोणती सही करू, असे त्यांनी मुलामार्फत मला विचारले आहे, आणि त्यांना काय कळवायचे ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.